फिल्टर कळकटच हवा!

आमच्या ऑफिसात कुणाच्या घरी मासे आले की आठवड्याभरात तो माणूस माझ्या डेस्कपाशी उगवतो. प्रश्न ठरलेला. "अरे, छोटीशी टाकी आहे, एक-दीड फुटाची. कुठला फिल्टर घेऊ?" हातातल्या मोबाइलवर तीन फिल्टरांची तुलना आधीच उघडलेली असते. एकाचं एलपीएच जास्त, दुसरा कमी वॅटचा, तिसऱ्यात यूव्हीचा निळा दिवा. शेवटी आम्ही सगळे इंजिनियर! आकडे दिसले की तुलना करायची. आकडा कशाचा आहे हे नंतर बघू.

तर आज ह्या विषयावर एकदाचं सविस्तर लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवता येईल.

माझं म्हणणं असं की छोट्या टाकीच्या फिल्टरचा सगळा धंदा एका गैरसमजावर उभा आहे, आणि तो गैरसमज दुकानदारांनी मुळीच तयार केलेला नाही. तो आपण घरून घेऊन जातो. दुकानदार फक्त तो मोडत नाही... आणि का मोडावा? त्यावर त्याचं दुकान चालतं.

हा गैरसमज आपल्या स्वयंपाकघरातून येतो. फिल्टर म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर पिण्याच्या पाण्याचा फिल्टर उभा राहतो. आधी नळाच्या तोंडाला बांधलेलं फडकं, मग स्टीलच्या दोन मजली पिंपातल्या त्या पांढऱ्या कँडल्स (रविवारी सकाळी घासायला लावायचे, आठवतंय?), आणि आता भिंतीवरचा आरओ. तिन्हींचं तत्त्व एकच. वरून घाण पाणी ओतायचं, घाण आत अडकणार, खाली चांगलं पाणी पडणार. त्यामुळे फिल्टर मळला की वाईट, धुतला की चांगला, बदलला की फारच चांगला. आरओवाला तर वर्षाच्या एएमसीमध्ये जुनी काळी झालेली कँडल समोर काढून दाखवतो आणि म्हणतो, "बघा साहेब, हे पीत होता तुम्ही!"

हेच डोकं घेऊन आपण माशांचा फिल्टर घ्यायला जातो, आणि तिथे सगळं उलटं असतं. माशांच्या टाकीतला फिल्टर जितका जुना आणि जितका कळकट, तितका चांगला. पांढराशुभ्र, कोरा, नुकताच धुतलेला फिल्टर म्हणजे मोटर लावलेलं शोभेचं प्लॅस्टिक.

का? कारण माशाला मारणारी घाण दिसत नाही. तरंगणारी विष्ठा, उरलेलं खाणं, कुजलेलं पान, हे आपल्या डोळ्यांना त्रास देतं. माशाला तितकंसं नाही. माशाला मारतो अमोनिया. मासा तो मुख्यतः कल्ल्यांतून सतत बाहेर टाकत असतो. (माणसासारखं त्याचं युरिया करून बाथरूमला जायची वेळ येईपर्यंत साठवणं वगैरे प्रकरण नसतं.) अमोनियाला रंग नाही. फिल्टरमधल्या पांढऱ्या कापसात तो अडकत नाही, कारण तो पाण्यात विरघळलेला असतो. साखरेचं पाणी गाळणीतून गाळलं तर साखर वर राहते का? तसंच हे. पाणी काचेसारखं लख्ख आणि मासा मात्र आतून भाजतोय, असं सहज होऊ शकतं. किंबहुना नव्या टाकीत बहुतेक वेळा असंच होतं.

आता आकडे हवेच असतील तर हा हिशोब करा. मत्स्यशेतीत एक साधं सूत्र वापरतात: रोज दिलेलं खाणं, गुणिले त्यातलं प्रोटीन, गुणिले 0.092, म्हणजे रोज तयार होणारा अमोनिया (त्यातल्या नायट्रोजनच्या हिशोबात). दोन-तीन गोल्डफिश आहेत, दिवसाला एक ग्रॅम खाणं पडतं, त्यात 40 टक्के प्रोटीन आहे असं धरा. 1 × 0.4 × 0.092 म्हणजे जवळपास 0.037 ग्रॅम, म्हणजे 37 मिलिग्रॅम. एक फूट बाय एक फूट बाय एक फुटाच्या टाकीत काठोकाठ 28 लिटर पाणी मावतं, खडी आणि वरची रिकामी जागा सोडली की 25 धरा. म्हणजे लिटरला दीड मिलिग्रॅम. रोज!

ह्यातला सगळाच विषारी नसतो. पाण्यात अमोनियाची दोन रूपं असतात, एक बरंचसं निरुपद्रवी आणि एक जहाल, आणि कुणाचं पारडं जड हे पीएच आणि तापमान ठरवतं. 25 अंशाला पीएच 7 असेल तर जहाल भाग अर्धा-पाऊण टक्का. पीएच 8 झाला की तोच पाच टक्क्यांच्या वर. म्हणजे दीड मिलिग्रॅमपैकी साधारण 0.08. कल्ल्यांना इजा व्हायला 0.05 पुरतं. एका दिवसात! तुमचा तो फिल्टर ताशी 300 लिटर फिरवू दे नाहीतर 3000. कोरा असेल तर तेच अमोनियाचं पाणी तो जास्त जोरात फिरवतो, एवढाच फरक.

अमोनिया खाणारी मंडळी वेगळीच आहेत. काही सूक्ष्मजीव अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट तुलनेने गरीब असतं, ते दर आठवड्याला थोडं पाणी बदलून काढता येतं. हे मातीत घडतं हे सेर्गेई विनोग्राद्स्कीने 1890 च्या आसपासच दाखवलं होतं. टाकीत नेमकं कोण हे काम करतं याबद्दल मात्र पुस्तकं बरीच वर्षं चुकीचं नाव छापत होती. 1998 साली टिमोथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की गोड्या पाण्याच्या टाकीत दुसऱ्या पायरीचं काम नायट्रोबॅक्टर नाही, तर नायट्रोस्पायरा करतो. 2011 मध्ये कळलं की पहिल्या पायरीला बॅक्टेरियांपेक्षा आर्किया जातीचे जीवच अनेक टाक्यांत जास्त असतात. आणि 2015 मध्ये तर दोन्ही पायऱ्या एकट्याने चढणारा नायट्रोस्पायरा सापडला, तोही कुठे, तर मत्स्यपालनाच्या फिल्टरमध्ये. मला हे प्रकरण भलतंच आवडतं. घरातल्या एका कळकट स्पंजात काय काय चाललेलं असतं!

असो. मुद्दा असा की ही मंडळी पाण्यात फिरत नाहीत, ती पृष्ठभागाला चिकटून राहतात. काचेला, खडीला, नळीला, आणि सगळ्यात जास्त म्हणजे जिथून प्राणवायूवालं पाणी सतत वाहतं अशा सच्छिद्र वस्तूला. फिल्टर म्हणजे ह्या मंडळींची चाळ. मोटर फक्त चाळीला पाणी आणि हवा पुरवते. भाडेकरू यायला चार ते सहा आठवडे लागतात आणि त्यांच्या घराला आपण दर रविवारी नळाखाली धरून खसाखसा धुतो, वर नळाच्या पाण्यात क्लोरीन! काही जण तर भांड्याचा साबणही लावतात.

आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. आपण विरजणाची भांडी वर्षानुवर्षं सांभाळणारे लोक. बिडाचा तवा साबणाने घासणाऱ्या सुनेकडे सासू कशी बघते ते आपण पाहिलेलं आहे. (आणि सुनेची बाजूही ऐकलेली आहे, पण तो वेगळा विषय.) घरचं विरजण संपलं तर शेजारून वाटीभर आणतो, ते कुणी आधी उकळून निर्जंतुक करत नाही. टाकीचंही अगदी तसंच आहे. नवी टाकी सुरू करायची सगळ्यात चांगली रीत म्हणजे ओळखीतल्या कुणाच्या तरी जुन्या, निरोगी टाकीतला वापरलेला स्पंज मागून आणायचा, ओला ठेवून घरी न्यायचा आणि आपल्या टाकीत घालायचा. विरजण लागलं! नसेल मिळत तर मासे आणायच्या आधी महिनाभर टाकी चालू ठेवायची, रोज चिमूटभर खाणं टाकायचं (ते कुजतं, अमोनिया देतं), आणि अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य येईपर्यंत टेस्ट किटने मोजत राहायचं. दुकानात बॅक्टेरियांच्या बाटल्याही मिळतात. बाटलीत काय आहे आणि ती किती महिने कुठल्या उन्हात उभी होती यावर तिचं भवितव्य अवलंबून, म्हणून मी तरी त्यावर विसंबत नाही. मोजणं मात्र चुकवायचं नाही.

महिनाभर रिकामी टाकी! हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो. मुलीचा वाढदिवस शनिवारी असतो ना. पण हेच लोक ऑफिसात लोड टेस्टिंग न करता काही लाइव्ह केलं तर बोंब मारतात. इथे मात्र सर्व्हर कोरा, आणि पहिल्याच दिवशी आठ युजर सोडायचे.

आता दुकानाकडे वळू. मी पुण्यात आणि मुंबईत मिळून बरीच दुकानं पालथी घातली आहेत. अपवाद आहेत, काही दुकानदार खरोखर जाणकार असतात. पण सर्वसाधारण सल्ला असा असतो: छोटी टाकी किंवा काचेचा बाऊल, त्यात दोन गोल्डफिश किंवा एक फायटर, एक आत बुडवायचा मोटरवाला फिल्टर, "आठवड्याने सगळं पाणी काढा, खडी धुवा, फिल्टर धुवा, परत भरा, निळं औषध चार थेंब." हा सल्ला बारकाईने वाचा. माशांना जगवणारी जेवढी म्हणून जागा आहे, काच, खडी, स्पंज, ती सगळी एकाच दिवशी साफ करायची असं त्यात सांगितलंय. आणि त्यातून चुकून कुणी वाचलंच तर निळं औषध. मिथिलीन ब्लू बुरशीवर चालतं हे खरं, पण आजार नसताना टाकीत ओतलं तर ते फिल्टरमधल्या मंडळींनाही सोडत नाही. मग दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मासा मरतो. आपण दुकानात जातो. "पाणी सूट नाही झालं साहेब." नवा मासा, नवं औषध, आणि ह्या वेळी मोठा फिल्टर.

मी एका दुकानात (नाव नको) विचारलं होतं की हा स्पंज टाकीतल्याच पाण्यात पिळायला का नाही सांगत? तो म्हणाला, "लोकांना घाण वाटतं." प्रामाणिक उत्तर होतं.

मागे टांगायचे जे फिल्टर येतात त्यांची गोष्ट आणखी मजेशीर. त्यात एक चपटं कार्ट्रिज असतं, पातळ कापूस आणि आत चमचाभर कोळसा. पाकिटावर लिहिलेलं असतं, दर महिन्याला बदला. म्हणजे चाळ नुकती भरायला लागली की पाडा आणि नवी बांधा. प्रिंटर स्वस्त, शाई महाग, हा धंदा आपण ओळखतो की! कोळसा पाण्यातला रंग आणि वास काढतो, औषधाचे अंश काढतो, पण अमोनिया काढत नाही, आणि काही आठवड्यांत तोही भरून निकामी होतो. यूव्हीचं तसंच. पाणी शेवाळाने हिरवं झालं असेल तर यूव्हीचा उपयोग होतो. अमोनियाला त्या निळ्या दिव्याचं काही सोयरसुतक नाही. असा टांगायचा फिल्टर घरी असेलच तर कार्ट्रिज फेकून त्या खाचेत जाडसर स्पंज कापून बसवा, तो वर्षानुवर्षं चालतो. फक्त कार्ट्रिज काढण्याआधी काही आठवडे दोन्ही एकत्र राहू द्या.

ह्या सगळ्यात माझ्या सर्वात जास्त डोक्यात जाणारी गोष्ट म्हणजे मासा मेल्यावर घरात म्हटलं जाणारं वाक्य. "जाऊ दे, घरावरचं संकट त्याने अंगावर घेतलं." वास्तूवाले आणि फेंगशुईवाले तर आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ गोल्डफिश ठेवायला सांगतात, दोन फुटी टाकीत! साधा गोल्डफिश नीट वाढला तर वीतभर होतो आणि दहा वर्षांहून जास्त जगू शकतो. त्यातले नऊ 55 लिटरमध्ये. ते मरणारच, आणि मेले की तेही शुभ! असा सुंदर बंदोबस्त मी दुसऱ्या कुठल्या क्षेत्रात पाहिलेला नाही. बिघाड झाला की तेच फीचर. दुकानदार सुटला, सल्ला देणारा सुटला, घरचे सुटले. संकट कसलं डोंबलाचं, लिटरला दोन मिलिग्रॅम अमोनिया होता. आणि घरातलं पाच वर्षांचं पोर हे ऐकत असतं. त्याला कळतं की प्राणी आणायचा, तो मरतो, मोठी माणसं त्याला छान नाव देतात आणि रविवारी दुसरा आणतात.

ह्यावर दोन प्रतिवाद हमखास येतात. पहिला: "अरे, आमच्या बिल्डिंगच्या टाकीत महापालिकेवाल्यांनी डासांसाठी गप्पी मासे सोडलेत, वर्षानुवर्षं मजेत आहेत. कुठे आहे फिल्टर?" आहे की! हौदाच्या भिंतीवर हात फिरवून बघा, बुळबुळीत थर लागेल. तोच फिल्टर. शिवाय हजारो लिटर पाणी, बोटाच्या पेराएवढे मासे, आणि खाणं म्हणजे डासांच्या अळ्या, कुणी रोज तीनदा गोळ्या टाकत नाही. ह्याच कारणाने छोटी टाकी मोठीपेक्षा सांभाळायला कठीण असते. चूक पातळ करायला तिच्यात पाणीच नसतं. आणि आपण नवशिक्याला नेमकी तीच देतो, "आधी लहान घे, जमलं तर मोठी घेऊ" म्हणून.

दुसरा प्रतिवाद फायटरबद्दल. "तो तर थायलंडच्या भातशेतीत डबक्यात राहतो, वरची हवा घेतो, त्याला काही लागत नाही." तो वरची हवा घेतो हे बरोबर, त्याच्या डोक्यात त्यासाठी वेगळा अवयव असतो. पण हवेतून श्वास घेता आला म्हणून अमोनिया पचत नाही. गटाराशेजारी राहणाऱ्या माणसालाही श्वास घेता येतोच की. आणि भाताचं खाचर म्हणजे डबकं नव्हे. वीतभर खोल असेल, पण पसरलेलं असतं एकरभर, खाली चिखल, वर रोपं. अमोनिया खाणाऱ्यांची अख्खी वसाहत! बरणीत यातलं काय आहे? तळाचे गुलाबी खडे. थायलंडने 2019 साली ह्या माशाला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केलं. आपण त्याला वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट म्हणून प्लॅस्टिकच्या डबीत देतो. रोम शहराच्या पालिकेने 2005 मध्ये गोल्डफिश गोल बाऊलमध्ये ठेवायला बंदी केली तेव्हा बरेच लोक हसले होते. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

मग घ्यायचं काय? एक फूट ते दोन फूट टाकीसाठी, फायटर, गप्पी, मॉली, टेट्रा, कोळंबी, जे काही लहान असेल त्यासाठी: हवेवर चालणारा स्पंज फिल्टर. साधा काळा स्पंज, मधे भोकांची नळी, आणि बाहेर ठेवायचा एअर पंप (दुकानात त्यालाही मोटरच म्हणतात). नळीत हवेचे बुडबुडे वर चढतात, आतलं पाणी हलकं होऊन वर सरकतं, त्याची जागा घ्यायला बाहेरचं पाणी स्पंजातून आत ओढलं जातं. पाण्यात फिरणारा एकही भाग नाही. पिल्लं आत खेचली जात नाहीत, फायटरचे लांब पर अडकत नाहीत, वाऱ्याच्या झोतासारखा प्रवाह नाही. फायटरला तो झोत अजिबात सहन होत नाही, बिचारा दिवसभर कोपऱ्यात उलटा पोहत राहतो आणि घरचे म्हणतात किती ॲक्टिव्ह आहे! बुडबुड्यांनी पाण्याचा पृष्ठभाग हलता राहतो म्हणून प्राणवायूही मिळतो. पंपासकट सगळं मिळून पाच-सातशे रुपयांत होतं, बहुतेक वेळा त्याहून कमी.

पाकिटावरचं एलपीएच बघून मोठी मोटर घेणाऱ्यांसाठी एक: तो आकडा बाइकच्या जाहिरातीतल्या मायलेजसारखा असतो. रिकामा फिल्टर, पाणी वर चढवायचं नाही, नवी कोरी मोटर. स्पंज लावला, चार आठवडे गेले, की प्रत्यक्षात त्यातला बराच भाग गळतो. आणि गळला तरी बिघडत नाही, कारण मघाशी म्हटलं तसं, जागा महत्त्वाची, जोर नाही. घेताना स्पंजचा आकार बघा. टाकीपेक्षा एक माप मोठाच घ्या. दोन बसत असतील तर दोन लावा, म्हणजे आलटून पालटून पिळता येतात.

पिळायचे कसे? दर आठवड्याला टाकीतलं पाव भाग पाणी काढायचं असतंच. तीन-चार आठवड्यांतून एकदा त्या काढलेल्या पाण्याच्या बादलीत स्पंज दोन-तीनदा दाबायचा, काळं पाणी निघतं, आणि परत टाकीत. पांढरा व्हायची वाट बघायची नाही. उरलेलं काळं पाणी कुंडीत ओता, तुळस खूश होते. नव्या भरायच्या पाण्यात क्लोरीन काढायचं औषध घाला किंवा ते पाणी बादलीत चोवीस तास उघडं ठेवा. झालं. बाकी वेळ हात लावायचा नाही. आमच्याकडे पंधरा वर्षांपूर्वीच्या कोडवर एक कॉमेंट आहे, "चालतंय, हात लावू नये". ती स्पंजावर चिकटवता आली असती तर बरं झालं असतं.

दिसायला तो कुरूप आहे, मान्य. पुढे जावा मॉस किंवा जावा फर्न लावा, महिनाभरात झाकला जातो. आणि हे सांगायला हवं की भरगच्च वनस्पती, खाली माती आणि अगदी मोजके मासे असतील तर फिल्टरशिवायही टाकी चालते. डायाना वॉलस्टाड यांचं 1999 मधलं पुस्तक ह्याच पद्धतीवर आहे, आणि त्यात दम आहे, कारण वनस्पती अमोनिया आवडीने खातात. पण एका प्लॅस्टिकच्या गुलाबी झाडाला ही सूट लागू होत नाही.

कासवाचं गणित वेगळं. लाल कानाचं ते नाण्याएवढं हिरवं पिल्लू "लकी" म्हणून घेतलं जातं. ते ताटलीएवढं होतं आणि वीस-तीस वर्षं जगतं. त्याची घाण माशापेक्षा कितीतरी जास्त, तिथे एकटा स्पंज पुरा पडत नाही. डबा भरून स्पंज आणि सिरॅमिकच्या कड्या बसतील असा बाहेर ठेवायचा कॅनिस्टर फिल्टर, तोही टाकीच्या दुप्पट-तिप्पट मापाचा, आणि खाणं वेगळ्या टबात. एवढी तयारी नसेल तर कासव आणू नका. आणि नको झालं म्हणून तळ्यात तर मुळीच सोडू नका, आपल्या देशी कासवांच्या मुळावर येतं ते.

एक शेवटचं, कारण हा प्रकार अलीकडे फार वाढलाय. "आम्ही तर आरओचं पाणी घालतो" असं अभिमानाने सांगणारे! बाबांनो, पुन्हा स्वयंपाकघर. अमोनिया खाणारी मंडळी काम करताना पाण्यातला क्षार (तो जो बादलीवर पांढरा थर देतो, त्याच घराण्यातला) वापरत असतात. एक मिलिग्रॅम अमोनियाला साधारण सात मिलिग्रॅम. आरओच्या पाण्यात तो जवळजवळ नसतोच. मग पीएच घसरत जातो, मंडळी काम बंद करतात आणि टाकी बसते. साधं नळाचं पाणी, क्लोरीन काढून, उत्तम. बोअरचं जड पाणी असेल तर त्यातही गप्पी, मॉली, गोल्डफिश मजेत राहतात, फक्त पीएच जास्त असल्याने अमोनियाकडे लक्ष जास्त हवं. आणि नायट्राइट वाढून मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले, तर दुकानदार म्हणतो तसं थोडं खडे मीठ खरंच टाका. नायट्राइट रक्तातलं हिमोग्लोबिन निकामी करतं, म्हणून पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. मिठातलं क्लोराइड त्याला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. दुकानातल्या सल्ल्यांपैकी हा एक बरोबर निघतो. दुकानदाराला कारण माहीत नसतं, ते सोडा.

लाइट जाण्याचं काय, हे पुणेकर विचारणारच. गुरुवारी सकाळी गेली की दुपारपर्यंत पत्ता नाही. स्पंजातल्या मंडळींना सतत प्राणवायूचं पाणी लागतं. तास-दोन तासांनी फार बिघडत नाही, अर्धा दिवस गेला की नुकसान व्हायला लागतं. बंद डब्यातल्या कॅनिस्टरचं लवकर, उघड्या स्पंजाचं उशिरा, हाही स्पंजाचा एक फायदा. इन्व्हर्टरवर एअर पंप दोन-तीन वॅटमध्ये चालतो, कळतसुद्धा नाही. किंवा बॅटरीवरचा छोटा पंप घेऊन ठेवा. लाइट गेल्यावर त्या दिवशी खाणं टाकू नका, मासे एक दिवस उपाशी राहिले तर काही होत नाही. आणि पंप टाकीच्या पाण्याच्या पातळीखाली टेबलावर ठेवला असेल तर हवेच्या नळीत उलट पाणी न येऊ देणारा व्हॉल्व्ह लावाच, नाहीतर लाइट गेली की टाकीतलं पाणी नळीतून उलटं पंपात उतरतं, तिथून टेबलावर, तिथून एक्स्टेन्शन बोर्डात. दहा-वीस रुपयांचा असतो. दुकानदार स्वतःहून देत नाही, मागून घ्यावा लागतो.